विश्लेषण : स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मधोमध चर्च का आहे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ म्हटले, की आपल्याकडे सिलिकॉन व्हॅली, स्टार्टअप आणि डोळे पांढरे करणारी फी आठवते. या विद्यापीठाचे पूर्ण नाव मात्र ‘लेलँड स्टॅनफर्ड ज्युनियर विद्यापीठ’ असे आहे. हा ज्युनियर म्हणजे पंधराव्या वर्षी टायफॉइडने गेलेला एक मुलगा. आणि विद्यापीठाच्या मुख्य चौकातले दगडी चर्च त्याच्या आईने, जेन स्टॅनफर्ड यांनी, पतीच्या स्मरणार्थ बांधले.

कोण होत्या जेन स्टॅनफर्ड?

जन्म 1828 चा, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचा. 1850 मध्ये वकील लेलँड स्टॅनफर्ड यांच्याशी लग्न झाले. पुढे पती कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. अमेरिकेची दोन टोके जोडणाऱ्या लोहमार्गाचा पश्चिमेकडील भाग बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे ते अध्यक्षही होते. घरात अफाट पैसा आला. तो मार्ग डोंगर फोडून प्रत्यक्षात टाकला हजारो चिनी मजुरांनी, हेही इथे सांगितले पाहिजे. लग्नानंतर तब्बल अठरा वर्षांनी, 1868 मध्ये, त्यांना मुलगा झाला. तो एकुलता एकच राहिला.

1884 मध्ये काय घडले?

कुटुंब युरोपच्या प्रवासात असताना मुलगा आजारी पडला. हवापालटासाठी त्याला इटलीत, शेवटी फ्लॉरेन्सला नेण्यात आले. टायफॉइडवर तेव्हा औषध नव्हते. प्रतिजैविके यायला अजून साठेक वर्षे होती. ताप उतरवण्यासाठी डॉक्टर त्याला गार पाण्यात भिजवलेल्या चादरींत गुंडाळत. घोडागाड्यांचा खडखडाट त्याच्या कानावर पडू नये म्हणून हॉटेलसमोरच्या रस्त्यावर गवत अंथरले होते. पैशाने करता येण्यासारखे सगळे झाले. 13 मार्च रोजी तो गेला. सोळा वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने होते.

आता कॅलिफोर्नियातील इतरांच्या मुलांसाठी काही करायचे, असे या दांपत्याने ठरवले. 1891 मध्ये विद्यापीठ सुरू झाले. आवारात चर्चही व्हावे, अशी दोघांची इच्छा होती. पण 1893 च्या जूनमध्ये लेलँड स्टॅनफर्ड यांचेही निधन झाले.

मग चर्चला दहा वर्षे का लागली?

कारण तेव्हा विद्यापीठच वाचते की नाही, अशी स्थिती होती. देशात आर्थिक मंदी आली होती. पतीची मालमत्ता न्यायालयीन प्रक्रियेत अडकली. त्यात लोहमार्गासाठी दिलेल्या सरकारी कर्जापोटी केंद्र सरकारने सुमारे दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. विद्यापीठ तात्पुरते बंद ठेवा, असा सल्ला जेन यांना मिळाला. त्यांनी तो मानला नाही.

न्यायाधीशांनी घरखर्चासाठी महिना दहा हजार डॉलर मंजूर केले होते. मग प्राध्यापकांनाच कागदोपत्री जेन यांचे घरचे नोकर ठरवून त्या रकमेतून पगार दिले गेले! घरचे खरे नोकर जेन यांनी कमी केले. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची गर्दी साधून त्या दागिने विकायला लंडनला गेल्या. भाव मिळाला नाही, बहुतेक दागिने परत आणावे लागले.

1899 मध्ये एकदाचे चर्चचे काम सुरू झाले आणि 25 जानेवारी 1903 रोजी ते खुले झाले. ते कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाचे नव्हते, हे त्या काळी विशेषच. भिंतींवरची रंगीत मोझेक चित्रे व्हेनिसच्या साल्व्हियाती कंपनीने केली. समोरच्या भिंतीवर पतीच्या स्मरणार्थ अर्पण असल्याचा लेख कोरला गेला.

सगळे खूश होते का?

नाही. प्राध्यापकांना पुस्तके, प्रयोगशाळा आणि बरे पगार हवे होते. पैसा इमारतींत जात होता. या काळाला विद्यापीठात थट्टेने ‘पाषाणयुग’ म्हटले जाई. त्यांची तक्रार रास्त होती. जेन यांचा हट्ट इतरत्रही दिसतो. विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली, तेव्हा मुलाच्या नावाचे विद्यापीठ मुलींचे कॉलेज होईल या धास्तीने त्यांनी 500 मुलींची मर्यादा घातली. न पटणारी मते मांडणारे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांना त्यांच्या आग्रहामुळे 1900 मध्ये जावे लागले. तरी शेवटी, आपले दागिने विकून ग्रंथालयासाठी पुस्तके घ्यावीत, अशी इच्छा त्यांनीच विश्वस्तांना कळवली. त्या निधीतून आजही पुस्तके घेतली जातात.

पुढे काय झाले?

28 फेब्रुवारी 1905 रोजी होनोलुलूतील हॉटेलात जेन यांचा मृत्यू झाला. स्ट्रिक्नीन विषाने तो झाला, असा निष्कर्ष तिथल्या चौकशीत निघाला. विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन मात्र हृदयविकारच म्हणत राहिले. खटला कोणावरच चालला नाही. आई, वडील आणि मुलगा, तिघेही विद्यापीठाच्या आवारात एकाच समाधीगृहात आहेत.

18 एप्रिल 1906 च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला. चर्चचा मनोरा छतावर कोसळला, समोरच्या भिंतीवरचे मोझेक चौकात पडले. साल्व्हियाती कंपनीकडे मूळ आराखडे जपलेले होते, म्हणून चित्रे पुन्हा करता आली. 1913 मध्ये चर्च परत उघडले. मनोरा पुन्हा बांधलाच नाही. त्याच्या जागी आता उजेड आत सोडणारी काच आहे.