नाव हरवलेला लेफ्टनंट : जॉन किपलिंग

(द्वितीय वर्ष, कला)

मोगली, बघीरा आणि शेरखान यांची नावे ठाऊक नाहीत असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधून सापडणार नाही. त्यांचा निर्माता रुडयार्ड किपलिंग हा मुंबईत जन्मला हेही पुष्कळांना माहीत असते. परंतु या जगप्रसिद्ध लेखकाला जॉन नावाचा एक मुलगा होता, आणि अठरा वर्षे व सहा आठवडे एवढेच आयुष्य लाभलेला तो मुलगा रणांगणावरून असा नाहीसा झाला की बापाला मरेपर्यंत त्याची समाधी दिसली नाही, ही हकीकत मला गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांच्या तोंडून प्रथम कळली. तेव्हापासून जॉनने माझी पाठ सोडलेली नाही. आज मी त्याच्याहून एका वर्षाने मोठी आहे.

जॉनची कथा सांगायची तर त्याच्या घराण्यापासून सुरुवात करावी लागेल. त्याचे आजोबा जॉन लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिल्पकलेचे अध्यापक होते. क्रॉफर्ड मार्केटवर, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईवर, त्यांच्या हातची शिल्पे अजून पाहावयास मिळतात. त्याच जे. जे.च्या आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी रुडयार्डचा जन्म झाला. सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथे परक्या घरात, आईबापांवाचून त्याने फार हाल सोसले. स्वतःचे बालपण असे करपले म्हणूनच की काय, आपल्या मुलांवर त्याने जिवापाड माया केली.

त्याला तीन मुले. थोरली जोसेफीन १८९९ साली न्यूमोनियाने वारली, तेव्हा ती अवघी सहा वर्षांची होती. मागे राहिली एल्सी आणि १७ ऑगस्ट १८९७ रोजी जन्मलेला जॉन. आजोबांचेच नाव नातवाला ठेवलेले. १९०२ साली हे कुटुंब ससेक्स परगण्यातील बेटमन्स या जुन्या दगडी घरात राहावयास आले. घराभोवती कुरणे आणि ओढा. त्या कुरणात बाप आणि मुले मिळून शेक्सपियरच्या नाटकातील प्रवेश करीत. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या 'पक ऑफ पूक्स हिल' या पुस्तकातील डॅन आणि यूना ही भावंडे जॉन आणि एल्सी यांच्यावरूनच बेतलेली आहेत. १९०७ साली किपलिंगला नोबेल पारितोषिक मिळाले. जॉन तेव्हा दहा वर्षांचा होता.

एवढ्या मोठ्या साहित्यिकाचा मुलगा, पण अभ्यासात त्याची चमक नव्हती. स्वभावाने मात्र हसरा आणि खोडकर. बापाने त्याला आरमारात पाठवावयाचे मनात आणले होते. परंतु जॉनची दृष्टी फार अधू होती आणि जाड भिंगाच्या चष्म्याशिवाय त्याला लांबचे दिसत नसे. आरमाराचा विचार सोडून द्यावा लागला. वेलिंग्टन कॉलेजात त्याचे शिक्षण चालू होते, आणि पुढे पाहू, असे म्हणत दिवस जात होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. किपलिंग हा साम्राज्याचा कट्टर कैवारी. जर्मनीशी गाठ पडणार, तयारीला लागा, असे तो कित्येक वर्षे कानीकपाळी ओरडत होता. आता तो सैन्यभरतीसाठी व्यासपीठावरून भाषणे करू लागला. दुसऱ्यांच्या मुलांना रणात बोलावणाऱ्याचा स्वतःचा मुलगा घरी कसा राहणार? जॉन सतरा वर्षांचा झाला आणि भरतीसाठी गेला. डॉक्टरांनी डोळे तपासून त्याला परत पाठविले.

येथे या कथेला वेगळे वळण लागते. आपल्याकडे बाप मुलासाठी वशिला लावतो तो नोकरी मिळावी म्हणून, बदली टळावी म्हणून. किपलिंगने वशिला लावला तो मुलाला लढाईवर जाता यावे म्हणून! फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे जुने स्नेही. कानपूरला जन्मलेले आणि हिंदुस्थानात हयात घालविलेले हे वृद्ध सेनानी आयरिश गार्ड्स या पलटणीचे मानद कर्नल होते. किपलिंगने त्यांना गळ घातली आणि जॉनला त्या पलटणीत अधिकाऱ्याची जागा मिळाली. डोळ्यांची अडचण एका शब्दाने दूर झाली. अर्थात जॉनलाही जावयाचेच होते. घरच्या सावलीतून बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची ओढ त्या वयात कोणाला नसते? पण दार उघडून दिले ते बापाने, हे नाकारता येत नाही.

एसेक्समधील वॉर्ली येथे वर्षभर प्रशिक्षण झाले. इतक्या लहान वयात परदेशी रणांगणावर जाण्यासाठी पालकांची संमती लागे, तीही बापाने दिली. १७ ऑगस्ट १९१५ रोजी, बरोबर आपल्या अठराव्या वाढदिवशी, जॉन फ्रान्सच्या भूमीवर उतरला.

तेथून तो घरी नियमाने पत्रे पाठवी. पाऊस, चिखल, फ्रेंच खेड्यातील मुक्काम, असा साधा मजकूर त्यात असे. हे पाठवा, ते पाठवा अशा मागण्याही असत. वसतिगृहातील मुलाने घरी पत्र लिहावे तशीच ही पत्रे! सप्टेंबरमधील एका पत्रात त्याने ओळखीचा नवा बिल्ला मागविला, कारण आधीचा हरवला होता. सैनिक पडला तर तो कोण हे ज्यावरून ओळखायचे तोच हा बिल्ला. त्या साध्या मागणीचा अर्थ पुढे काय होणार आहे, हे ना मुलाला ठाऊक होते ना बापाला.

२५ सप्टेंबर १९१५ रोजी उत्तर फ्रान्समधील लूस येथे मोठी लढाई सुरू झाली. हा कोळशाच्या खाणींचा सपाट मुलूख. आडोसा असा कोठे नाही. ब्रिटिशांनी या लढाईत प्रथमच क्लोरीन वायू सोडला आणि काही ठिकाणी वारा फिरून तो त्यांच्याच खंदकांत शिरला. २७ तारखेला दुपारी आयरिश गार्ड्सच्या दुसऱ्या तुकडीला चॉक पिट वुड या रानावर चढाई करण्याचा हुकूम झाला. जॉनची ही पहिलीच खरी लढाई. रान ताब्यात आले, पण त्याच्या पलीकडील खाणीच्या इमारतींकडून यंत्रबंदुकांचा मारा सुरू झाला आणि तुकडीला मागे यावे लागले. परत आलेल्यांत जॉन नव्हता. लूसच्या या मोहिमेत ब्रिटिश बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ५९ हजार झाले. त्यांतील एक जॉन.

२ ऑक्टोबरला बेटमन्समध्ये तार आली. मुलगा जखमी असून बेपत्ता आहे, असे तीत कळविले होते. मेला असे तीत नव्हते, आणि हाच एक शब्द नसल्याने पुढची कित्येक वर्षे त्या घराने काढली. किपलिंग आणि त्याची पत्नी कॅरोलाइन इस्पितळांतून हिंडले. जॉनच्या तुकडीतील जखमी शिपाई गाठून त्यांनी एकेकाला खोदून खोदून विचारले. रेड क्रॉसकडे आणि तटस्थ देशांतील बड्या लोकांकडे चौकशा केल्या. कैद्यांच्या यादीत कोठे तरी नाव निघेल, या आशेवर दिवस ढकलले. कोणी म्हणे, तो लंगडत जाताना दिसला. कोणी म्हणे, तो पडला. कोणाचेच बोलणे दुसऱ्याशी जुळेना.

किपलिंगचा मित्र, कादंबरीकार रायडर हॅगार्ड यानेही शोधाला हातभार लावला. त्याला एक शिपाई भेटला. त्या शिपायाने एका तरुण अधिकाऱ्याला फुटलेल्या तोंडावर पट्टी बांधण्याची धडपड करताना आणि वेदनेने रडताना पाहिले होते, आणि तो किपलिंगसाहेबच, अशी त्याची खात्री होती. हॅगार्डने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. बापाला मात्र त्याने सांगितले नाही. खरे बोलावे हे आपण लहानपणापासून शिकतो, पण या ठिकाणी हॅगार्ड चुकला असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

युद्ध संपले, कैदी घरोघर परतले आणि जॉन आला नाही, तेव्हा कोठे १९१९ साली किपलिंगने मुलगा गेला हे सरकारदरबारी मान्य केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या युद्धविषयक मृत्युलेखांत पित्यांच्या खोटेपणावर ठपका ठेवणारी एक द्विपदी आहे. ती त्याची स्वतःची कबुली, की तयारीत हयगय करणाऱ्या राज्यकर्त्यांवरचा राग, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्याने तोंडाने पश्चात्ताप कधी बोलून दाखविला नाही. कामात मात्र त्याने स्वतःला गाडून घेतले. मुलाच्या पलटणीचा इतिहास त्याने अनेक वर्षे खपून लिहिला आणि तो १९२३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःच्या मुलाला त्याने इतरांइतकीच जागा दिली, अधिक एक ओळही नाही.

त्याचे दुसरे काम याहून मोठे. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगावर तो साहित्यविषयक सल्लागार म्हणून गेला. सेनापती असो वा शिपाई, सर्वांच्या समाधीचा दगड सारखाच असावा, हे त्या आयोगाचे तत्त्व होते. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर, हा कोण ते देव जाणतो, अशा अर्थाचे शब्द कोरण्याची कल्पना किपलिंगची. १९२० साली पार्लमेंटात या धोरणावर वाद झाला, तेव्हा किपलिंगचे एक पत्र तेथे वाचून दाखविण्यात आले. आम्हाला जाऊन उभे राहावयास समाधीच नाही, तेव्हा ज्यांना ठाऊक असलेल्या जागी नाव कोरलेला दगड लाभला आहे त्यांनी आपले भाग्य ओळखावे, असा त्याचा आशय होता. लाखो अनोळखी मुलांच्या दगडांसाठी शब्द शोधणाऱ्या या बापाला, त्याच शब्दांखाली आपलाही मुलगा निजला असेल, हे कळले नाही. १८ जानेवारी १९३६ रोजी किपलिंग मरण पावला. जॉनचे नाव तोवर लूस येथील स्मारकाच्या भिंतीवर, वीस हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांच्या नावांत कोरलेले होते.

पुढे १९९२ साली आयोगाने जाहीर केले की, लूसजवळच्या सेंट मेरी दफनभूमीतील आयरिश गार्ड्सच्या एका अनोळखी लेफ्टनंटची समाधी ही जॉन किपलिंगची आहे. त्याच्या हुद्द्यावरून आणि प्रेत सापडल्याच्या जागेवरून काही संशोधकांनी शंका घेतल्या. नंतरच्या संशोधनात पुरावा जॉनच्याच बाजूने झुकला आणि आयोगाने आपला निर्णय कायम ठेवला. तेथे आता त्याच्या नावाचा दगड उभा आहे. पण तो पाहावयास आई, बाप, बहीण यांपैकी कोणीच उरले नव्हते.

कोणी विचारील, साम्राज्याचे गोडवे गाणाऱ्या, जालियनवाला बागेच्या डायरसाठी जमविलेल्या निधीला दहा पौंड देणाऱ्या माणसाच्या दुःखाशी आपल्याला काय करायचे आहे? प्रश्न रास्त आहे. मलाही तो पडला होता. त्याचे उत्तर मला माझ्याच घरात सापडले.

माझ्या आजोबांच्या आजोबांचा धाकटा भाऊ त्याच युद्धात बसऱ्याकडे गेला आणि परत आला नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. त्याच्या बायकोने कुंकू ठेवावे की पुसावे, यावर घरात वर्षानुवर्षे खल चालला होता, असे आजी सांगते. त्या माउलीने ते अखेरपर्यंत पुसले नाही. बेटमन्समधील ती तार आणि आमच्या घरातील ते कुंकू, दोहोंचे दुखणे एकच. फरक आहे तो पुढे.

फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे बेपत्ता हिंदी सैनिकांचे स्मारक १९२७ साली झाले. त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत आणि त्याच्या उद्घाटनाला किपलिंग स्वतः हजर होता. परंतु १९२९ च्या बसरा स्मारकावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले गेले आणि हिंदी शिपायांची, त्यात आपल्या मराठा पलटणींचेही शिपाई आले, पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या कोरली गेली. सर्वांना समान दगड हे तत्त्व बसऱ्याला पोहोचलेच नाही. २०२१ साली आयोगाने चौकशी करून या विषमतेची कबुली दिली आणि क्षमा मागितली. आमच्या चावडीच्या भिंतीतही त्या युद्धाचा एक दगड आहे. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच त्यावर आहे. नाव एकाचेही नाही.

जॉनचे नाव शोधावयास ७७ वर्षे लागली, कारण त्याचा बिल्ला हरवला होता. आमच्या आजोबांच्या बिल्ल्यावर नाव असेल, पलटणीच्या दप्तरातही असेल. ते दगडावर यावे असे मात्र कोणाला वाटले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. लिहितावाचता येण्याचा काही उपयोग असेल तर तो याच कामी व्हावा. या सुट्टीत आजीजवळ बसून मी पहिल्याने ते नाव, गाव आणि ठाऊक असेल ती पलटण वहीत उतरवून घेणार आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरात, कोणाच्या चावडीत असे एखादे हरवलेले नाव असेल, तर तेही सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून ठेवावे, एवढीच विनंती.