कोल्हापूरचे छत्रपती पहिल्यांदाच युरोप फिरायला गेले आणि त्यांची समाधी फ्लॉरेन्समध्ये झाली

एप्रिल संपला, पोरांचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घरोघरी एक प्रश्न निघतो. यंदा सुट्टीत कुठं जायचं? आधी याचं उत्तर ठरलेलं असायचं, गावाला. मग महाबळेश्वर आलं, गोवा आलं, केरळ आलं. आता काही घरांतून उत्तर येतं, युरोप. दोन-तीन वर्षं पैसे बाजूला टाकायचे, सगळ्यांचे पासपोर्ट काढायचे, व्हिसासाठी बँकेची कागदपत्रं गोळा करायची आणि दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश उरकायचे. आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, पिसाचा झुकता मनोरा आणि जाता जाता फ्लॉरेन्स.

याच फ्लॉरेन्समध्ये एका नदीच्या काठावर दगडी छत्री उभी आहे. छत्री म्हणजे आपल्याकडं राजघराण्यातल्या माणसांच्या समाधीवर असते तशी. तिच्याखाली एका तरुण मुलाचा अर्धपुतळा आहे. डोक्यावर मराठी थाटाची पगडी, गळ्यात मोत्यांच्या माळा. टूरच्या कार्यक्रमात ही जागा सहसा नसते.

हा मुलगा म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० च्या उन्हाळ्यात ते आयुष्यात पहिल्यांदा युरोपला गेले आणि परत आलेच नाहीत. वय होतं वीस वर्षं.

आता राजाराम म्हटलं की गोंधळ होतो, तो आधी मिटवू. हे राजाराम म्हणजे शिवरायांचे धाकटे पुत्र नव्हेत. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम, ज्यांनी १९२२ ते १९४० या काळात कोल्हापूरचं राज्य केलं, तेही नव्हेत. हे या दोघांच्या मधले. नात्यानं बघायचं तर दत्तक परंपरेत राजर्षी शाहूंचे आजोबा.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८५० चा. मूळ नाव नागोजीराव पाटणकर. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा बाबासाहेब महाराज होते. नागोजीराव हे त्यांच्या बहिणीचे चिरंजीव. महाराजांना गादीला वारस नव्हता, म्हणून भाच्याला दत्तक घेतलं. ऑगस्ट १८६६ मध्ये बाबासाहेब महाराज गेले आणि सोळा वर्षांचा नागोजी राजाराम छत्रपती झाला.

छत्रपती झाला खरं, पण हातात काय होतं? फारसं काही नाही. इंग्रजांचा पोलिटिकल एजंट कोल्हापुरात ठाण मांडून होता आणि अज्ञान राजाच्या नावानं कारभार तोच बघायचा. त्यात १८५७ ची जखम ताजी होती. बाबासाहेबांचे भाऊ चिमासाहेब उठावात सामील झाले म्हणून इंग्रजांनी त्यांना उचलून थेट कराचीला नेलं. ते तिथंच नजरकैदेत राहिले आणि १८६९ मध्ये तिथंच वारले. म्हणजे घरातला एक माणूस परमुलखात मरून वर्षही होत नव्हतं, तोवर गादीवरच्या मुलानं इंग्लंडला जायचं ठरवलं.

याला फितुरी म्हणायची की शहाणपण, हा वाद घालायचा तर घालता येईल. पण त्या मुलाच्या जागी उभं राहून बघितलं तर वेगळं चित्र दिसतं. तो इंग्रजी शिकलेला होता. जमशेदजी उनवाला नावाचे पारशी शिक्षक त्याला शिकवायचे. ज्या लोकांच्या हातात आपलं राज्य आहे ते लोक त्यांच्या घरी कसे राहतात, त्यांचं राज्य कसं चालतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं विशीतल्या राजाला वाटलं, तर त्यात नवल काय?

अडचण एकच होती, पण मोठी होती. समुद्र.

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, जात जाते, हा त्या काळातला पक्का समज. साध्या माणसाला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, जातीबाहेर टाकायचे. इथं तर खुद्द छत्रपती निघालेले. राज्यावर असताना युरोपला गेलेले हिंदू राजे त्याआधी शोधूनही फारसे सापडत नाहीत. म्हणून तोडगा काढला गेला. स्वतःचे स्वयंपाकी सोबत घ्यायचे, स्वतःच्या माणसांनी रांधलेलंच खायचं आणि साहेबांच्या पंगतीला बसायचं नाही. आज युरोप टूरवाले जाहिरातीत आवर्जून सांगतात की सोबत आपला स्वयंपाकी आहे, रोज वरणभात मिळेल. ही सोय दीडशे वर्षांपूर्वी महाराजांनी करून ठेवली होती, फक्त कारण जिभेचं नव्हतं, धर्माचं होतं.

सोबत होते उनवाला मास्तर, नोकरचाकर, एक हकीम आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट. राजाच्या घरचे आईवडील, बायको, भाऊ यांपैकी कुणी निघाल्याचं दिसत नाही. चाकरांचा लवाजमा हेच त्याचं प्रवासातलं कुटुंब.

मे १८७० मध्ये ही मंडळी निघाली. कोल्हापूरला तेव्हा रेल्वे नव्हती, ती आली १८९१ मध्ये. त्यामुळं कोल्हापूरचा माणूस मुंबईला निघाला की पुण्यापर्यंत रस्त्यानं यायचा आणि तिथून आगगाडी धरायचा. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला होता. गाडी घाट उतरून कर्जत, नेरळ करत बदलापूरवरून कल्याणकडं जायची. म्हणजे आज आपण ज्या रुळांवर लोकलच्या दारात लटकतो, तोच हा मार्ग. अंबरनाथला तेव्हा शिलाहारांचं शिवमंदिर आणि आजूबाजूला शेतं. उल्हासनगर तर नकाशावरही नव्हतं, ते फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं.

मुंबईतून बोट. सुएझचा कालवा खुला होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. जूनमध्ये महाराज लंडनला पोचले.

आणि इथून एक भारी गोष्ट सुरू होते. महाराजांनी रोजनिशी लिहायला घेतली. इंग्रजीत. आज कुठं गेलो, कोण भेटलं, काय बघितलं, हवा कशी होती. नोंदी छोट्या आणि साध्या आहेत. राजेपणाचा आव नाही, उगाच थक्क होणंही नाही. एखादा हुशार पोरगा सहलीची वही लिहितो तसं. वाचताना सतत जाणवतं की हा मुलगा तिथं मिरवायला आलेला नाही, बघायला आलाय.

बघितलं पण भरपूर. विंडसरला जाऊन व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. पंतप्रधान ग्लॅडस्टन भेटले. पार्लमेंटचं कामकाज बघितलं, नाटकं बघितली, संग्रहालयं पालथी घातली, स्कॉटलंडपर्यंत जाऊन आले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी भेटले, जे तेव्हा हिंदुस्थानची बाजू इंग्रजांसमोर मांडायच्या कामाला लागले होते.

आणखी एक भेट झाली ती पंजाबच्या दुलीपसिंगांची. महाराजा रणजितसिंगांचा हा मुलगा. इंग्रजांनी लहानपणीच त्याचं राज्य घेतलं, त्याला ख्रिस्ती केलं आणि इंग्लंडला आणून ठेवलं. एक राजा राज्य गमावून बसलेला, दुसरा नावापुरतं राज्य सांभाळणारा. दोघं समोरासमोर बसले तेव्हा वीस वर्षांच्या राजारामांच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

इकडं महाराज इंग्लंड बघत होते आणि तिकडं युरोप पेटला. जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं. सप्टेंबरात सेदानला फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला आणि पाठोपाठ पॅरिसला वेढा पडला. त्यामुळं परतीला फ्रान्समधून जाणं शक्यच नव्हतं. मग रस्ता ठरला बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीचा. थोडक्यात आजची पाच देशांची टूर, पण एसी बस नाही, हॉटेलात हीटर नाही आणि वर हिवाळा सुरू.

कोल्हापूरच्या हवेत वाढलेल्या शरीराला ही थंडी झेपली नाही. आल्प्सच्या डोंगरात ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला पोचेपर्यंत महाराजांचं दुखणं वाढलं. संधिवातासारखा त्रास, पायांतली ताकदच गेली. चालता येईना, उचलून न्यायची वेळ आली. वाटेतल्या गोऱ्या डॉक्टरांचं औषध घ्यायला महाराज तयार नव्हते, उपचार सोबतच्या हकिमाचेच चालू राहिले. सगळी नवी दुनिया डोळे उघडे ठेवून बघणारा हा मुलगा औषधाच्या बाबतीत मात्र घरच्या माणसावरच विसंबून राहिला. परक्या डॉक्टरच्या हातचं औषध म्हणजे परक्याच्या हातचं पाणी, हे त्या काळाचं गणित होतं. आज घरी बसून त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे.

ब्रेनर घाटातून रेल्वेनं मंडळी इटलीत उतरली आणि फ्लॉरेन्सला आली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथं युरोपियन डॉक्टर आले, पण फार उशीर झाला होता. ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात छत्रपती राजाराम महाराज वारले.

दुःखाबरोबरच नवा पेच उभा राहिला. अंत्यसंस्कार कसे करायचे?

इटली कॅथलिक देश. तिथं माणसाला पुरतात, जाळत नाहीत. दहनाला कायद्यात जागाच नव्हती. १८२२ मध्ये कवी शेलीचा मृतदेह इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर जाळला होता, पण तो रोगराईच्या नियमामुळं. इथं महाराजांची माणसं अडून बसली की छत्रपतींना मातीत पुरायचं नाही, अग्नीच द्यायचा आणि तोही लवकर. ब्रिटिश वकील सर ऑगस्टस पॅजेट यांनी इटालियन सरकारकडं शब्द टाकला. धावपळ झाली आणि परवानगी मिळाली.

जागा निवडली शहराबाहेरच्या कासीने बागेचं टोक. तिथं मुन्योने नावाचा ओढा अर्नो नदीला मिळतो. सोबतच्या लोकांनी दोन प्रवाहांचा संगम बघितला, दुसरं काही लागलं नाही. कोल्हापूरचं पंचगंगेचं पाणी नसलं म्हणून काय झालं, संगम तर होता.

मध्यरात्रीनंतर अंत्ययात्रा निघाली. थंडीच्या त्या रात्रीही फ्लॉरेन्सचे लोक बघायला जमले. असं काही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चिता रचली, सोबतच्या लोकांनी विधी केले, अग्नी दिला. सकाळपर्यंत चिता जळत होती. राख अर्नोच्या पात्रात सोडली गेली.

दुसरीकडं युरोपात दहनाचा विषय हळूहळू चर्चेला येत होता. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ म्हणत होते की दफनभूमीपेक्षा दहन आरोग्याला बरं. सहाच वर्षांत, १८७६ मध्ये, मिलान शहरात आधुनिक दाहिनी सुरू झाली. ती काही महाराजांमुळं झाली असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण इटलीच्या सरकारनं एका माणसाला धर्माप्रमाणं अग्नी देण्याची मुभा दिली, ती कोल्हापूरच्या राजासाठी, एवढं नक्की.

१८७२ मध्ये कॅप्टन वेस्टनं महाराजांची रोजनिशी लंडनमध्ये पुस्तकरूपानं छापली. दोन वर्षांनी दहनाच्या जागी स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. नाव ओळखीचं वाटतंय? कोल्हापूरचा नवा राजवाडा यांच्याच आराखड्याचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांनीच आखला. अर्धपुतळा घडवला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं. चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर कोरलाय.

कोल्हापुरात मात्र या मृत्यूची किंमत मोठी होती. पुढं दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज मानसिक आजारात सापडले आणि १८८३ मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या पहाऱ्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. सलग दोन छत्रपती विशीच्या आसपास गेले, दोघंही कोल्हापूरबाहेर. तेरा वर्षं राज्याला धड राजा नव्हता. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून यशवंतराव दत्तक आले, तेच राजर्षी शाहू. शाहूंनी काय केलं ते महाराष्ट्राला पाठ आहे. राजारामांना आणखी तीस वर्षं मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या नावानं राहिलं ते १८८० मध्ये सुरू झालेलं राजाराम कॉलेज. कोल्हापुरातल्या कित्येक पिढ्या तिथं शिकल्या, पण नाव कुठल्या राजारामांचं हे विचारलं तर उत्तराला वेळ लागतो.

फ्लॉरेन्समध्ये उलटं आहे. तिथल्या लोकांना महाराजांचं नाव सांगता येत नाही, पण जागा सगळ्यांना माहीत. ते तिला लिंदियानो म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी माणूस. १९७० च्या दशकात शेजारी अर्नोवर केबलच्या आधाराचा मोठा पूल झाला, त्याचंही नाव पोन्ते अल्लिंदियानो, हिंदुस्थान्याचा पूल. बघायचं असेल तर कासीने बागेचं पश्चिमेकडचं टोक गाठायचं. बाग साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे, शहराकडच्या बाजूनं शिरलं तर शेवटपर्यंत चालावं लागतं किंवा सायकल घ्यावी लागते. पुलावरून गाड्यांचा आवाज येत असतो, खाली दोन पाणी मिळतात आणि तिथंच छत्री आहे.