वकिलातीच्या घरातून रस्त्यावर

ब्रिटिश पंक संगीताच्या जुन्या तबकड्यांना गेल्या काही वर्षांत पुन्हा चांगले दिवस आले आहेत. 'द क्लॅश' या गटाचे पाच अल्बम २०१३ मध्ये एकत्रित संचाच्या रूपाने बाजारात आले. २०१८ मध्ये या गटाचा गायक जो स्ट्रमर याच्या विखुरलेल्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये 'कॉम्बॅट रॉक' चाळीस वर्षांचा झाला म्हणून त्याची वाढीव आवृत्ती निघाली. देखण्या वेष्टनातील हे संच काही स्वस्त नाहीत. ज्याचा आवाज या तबकड्यांवर कोरला गेला आहे, तो मात्र आपली तबकडी सामान्य मुलांच्या खिशाला परवडावी म्हणून कंपनीशी झगडला होता.

जो स्ट्रमरचे खरे नाव जॉन ग्रॅहम मेलर. त्याचा जन्म २१ ऑगस्ट १९५२ रोजी तुर्कस्तानातील अंकारा येथे झाला. वडील ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेत होते. त्यांचा स्वत:चा जन्म लखनौचा. आई स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील. वडिलांच्या बदल्यांमुळे जॉनचे बालपण कैरो, मेक्सिको सिटी आणि बॉन अशा शहरांतून गेले. नवव्या वर्षी त्याला थोरल्या भावासह इंग्लंडमधील सरे परगण्यातील निवासी शाळेत ठेवण्यात आले. त्यानंतर आई-वडिलांची भेट वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळीच होई.

दोघे भाऊ एकाच घरात वाढले, पण त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अबोल स्वभावाचा थोरला भाऊ वर्णद्वेषी 'नॅशनल फ्रंट'कडे ओढला गेला आणि १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. मृतदेहाची ओळख पटविण्याचे काम अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या जॉनच्या वाट्याला आले. या घटनेविषयी तो पुढे फारच क्वचित बोलला.

लंडनच्या कलाशाळेतील शिक्षण त्याने अर्धवट सोडले. वेल्समधील न्यूपोर्ट येथे काही काळ त्याने कबरी खोदण्याचे काम केले. १९७४ मध्ये तो लंडनला परतला, तेव्हा शहरात पाडण्यासाठी रिकामी केलेली असंख्य घरे ओस पडली होती आणि बेघर तरुण त्यांत बेकायदा मुक्काम ठोकत होते. वॉल्टर्टन रोडवरील १०१ क्रमांकाच्या अशाच घरात त्याचा पहिला महत्त्वाचा गट जन्मला आणि घराच्या क्रमांकावरूनच '१०१र्स' असे त्याचे नाव पडले. डावखुरा असूनही जॉन उजव्या हाताने गिटार वाजवी. बोटांची नजाकत नाही, फक्त तारा झणाणत छेडायच्या. याच मर्यादेची थट्टा करीत १९७५ मध्ये त्याने 'स्ट्रमर' हे नाव घेतले.

एप्रिल १९७६ मध्ये '१०१र्स'च्या कार्यक्रमाआधी 'सेक्स पिस्टल्स' या नवख्या गटाने आपली गाणी सादर केली. आपले संगीत एका रात्रीत जुने झाले, हे स्ट्रमरने ओळखले. लवकरच त्याने आपला गट मोडला आणि मिक जोन्स व पॉल सिमोनन यांच्याबरोबर 'द क्लॅश'मध्ये प्रवेश केला. जुन्या सोबत्यांकडे त्याने पाठ फिरवली. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याचा, निवासी शाळेत शिकलेला मुलगा रस्त्यावरच्या पोरांची भाषा बोलू लागला. हे सोंग असल्याची टीका त्याला जन्मभर सोसावी लागली.

टीकेत तथ्य होते. परंतु माणूस कोठून आला याइतकेच तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हेही महत्त्वाचे असते. ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिल येथील कॅरिबियन उत्सवात पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात चकमक उडाली, तेव्हा स्ट्रमर तेथे होता. त्यातून 'व्हाइट रायट' हे गाणे आले. अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्या कृष्णवर्णीयांकडून गोऱ्या तरुणांनी धडा घ्यावा, असा त्याचा रोख होता. काहींनी त्याचा नेमका उलटा अर्थ लावला. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषविरोधी मेळाव्यात हजारोंच्या समुदायापुढे 'क्लॅश' उभा राहिला, तेव्हा हा गैरसमज टिकला नाही. थोरला भाऊ ज्या विचाराकडे वळला होता, त्याच विचाराविरुद्ध धाकटा जाहीरपणे गात होता.

जानेवारी १९७७ मध्ये गटाने सीबीएस कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला होता. बंडखोरीची भाषा करणाऱ्यांनी बड्या कंपनीचा पैसा घेतला, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर मिळाले ते किमतीच्या रूपाने. डिसेंबर १९७९ मध्ये आलेल्या 'लंडन कॉलिंग'मध्ये दोन तबकड्या होत्या, पण किंमत एकीची. पुढच्याच वर्षी 'सँडिनिस्ता'च्या तीन तबकड्या स्वस्तात विकल्या जाव्यात म्हणून गटाने पहिल्या दोन लाख प्रतींवरील रॉयल्टीवर पाणी सोडले.

१९८२ च्या 'कॉम्बॅट रॉक'ने अमेरिकेतही यश दिले आणि त्याच सुमारास घर फिरले. ढोलकवादक टॉपर हेडनला व्यसनापायी काढण्यात आले. सप्टेंबर १९८३ मध्ये तर ज्याच्या चालींवर 'क्लॅश' उभा होता, त्या जोन्सचीच हकालपट्टी झाली. हा निर्णय स्ट्रमरला आयुष्यभर सलत राहिला. पुढे त्याने जोन्सशी समेट केला, त्याच्या नव्या गटाच्या अल्बमला १९८६ मध्ये हातभारही लावला. पण 'क्लॅश' पुन्हा उभा राहिला नाही.

त्यानंतरची बरीच वर्षे चित्रपटांना संगीत देण्यात, लहानसहान भूमिका करण्यात आणि दीर्घ मौनात गेली. १९९९ मध्ये 'मेस्कलेरोज' या नव्या गटासह तो परतला. बीबीसीच्या जागतिक सेवेवर तो देशोदेशीचे संगीत ऐकवीत असे. २००१ च्या अल्बममध्ये लंडनच्या बहुरंगी खाद्यजीवनावर त्याने जे गाणे रचले, त्याचे नाव 'भिंडी भाजी' आहे, हे मराठी रसिकांना गमतीचे वाटेल.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये संपकरी अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी तो गात होता. शेवटच्या गाण्यांच्या वेळी प्रेक्षकांतून मिक जोन्स अचानक रंगमंचावर चढला. एकोणीस वर्षांनी दोघे एकत्र उभे राहिले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबर २००२ रोजी सॉमरसेटमधील घरी स्ट्रमरचे निधन झाले. जन्मजात हृदयदोष त्याला होता आणि तो कधी ध्यानातच आला नव्हता. वय अवघे पन्नास.

'लंडन कॉलिंग'च्या मुखपृष्ठावर सिमोननने जी बेस गिटार आपटून फोडली, तिचे तुकडे २०१९ मध्ये लंडनच्या संग्रहालयात काचेआड मांडण्यात आले. बंडाचे असे स्मारक होणे अटळच असावे. मात्र स्ट्रमरचा खरा वारसा शोधायचा तर स्वस्त किमतीसाठी सोडून दिलेल्या रॉयल्टीत आणि संपकऱ्यांसाठी गायिलेल्या त्या अखेरच्या गाण्यांत शोधावा लागेल.