रॉड सर्लिंग

रॉडमन एडवर्ड सर्लिंग (जन्म : सिराक्यूस, न्यू यॉर्क राज्य, २५ डिसेंबर १९२४, मृत्यू : रॉचेस्टर, न्यू यॉर्क राज्य, २८ जून १९७५) हे अमेरिकन दूरचित्रवाणी नाटककार, पटकथालेखक आणि निवेदक होते. 'द ट्वायलाइट झोन' (१९५९ ते १९६४) या विज्ञानकथा व अद्भुतकथांच्या मालिकेचे ते जनक होत. दर भागात नवी कथा आणि नवी पात्रे असलेल्या या मालिकेचे एकूण १५६ भाग प्रसारित झाले. त्यांपैकी ९२ भागांचे लेखन सर्लिंग यांचे आहे. वर्णद्वेषासारख्या विषयांवर उघडपणे लिहिण्यास जाहिरातदारांनी अडथळे आणल्यामुळे ते वास्तववादी नाटकाकडून अद्भुतकथेकडे वळले. ही मालिका आजही पाहिली जाते, याचे कारण बऱ्याच अंशी या सक्तीच्या वळणात सापडते.

बालपण आणि युद्ध

सर्लिंग यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सॅम्युअल यांचा किराणा व मांसविक्रीचा व्यवसाय होता. थोरले बंधू रॉबर्ट पुढे विमानविषयक लेखक व कादंबरीकार म्हणून नावारूपाला आले. रॉड दोन वर्षांचे होण्याच्या सुमारास कुटुंब बिंगहॅम्टन या लहान शहरात स्थायिक झाले. तेथील उद्यान, त्यातील वाद्यवृंदाचा मंडप आणि लाकडी घोड्यांचे चक्र यांनी त्यांच्या मनात कायमचे घर केले.

१९४३ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण होताच ते सैन्यात दाखल झाले. नाझींविरुद्ध लढण्याची त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात त्यांच्या ५११व्या पॅराशूट पायदळ रेजिमेंटची रवानगी फिलिपिन्सला झाली. लेते बेटावर विमानातून टाकलेली अन्नाची पेटी अंगावर कोसळून त्यांचा एक निकटचा मित्र डोळ्यांदेखत ठार झाला. गोळीने नव्हे, उपासमार टळावी म्हणून पाठवलेल्या अन्नाने आलेला हा मृत्यू होता. दैवाची ही क्रूर थट्टा त्यांच्या कथांतून पुन्हा पुन्हा डोकावते. सर्लिंग स्वतः गुडघ्याला जखमी झाले. त्यांना 'पर्पल हार्ट' व 'ब्राँझ स्टार' ही पदके मिळाली. १९४५ मध्ये वडिलांचे हृदयविकाराने ५२व्या वर्षी निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्कारासाठी घरी जाण्याची रजा त्यांना मिळाली नाही. युद्धाची दुःस्वप्ने त्यांना आयुष्यभर पडत राहिली.

युद्धानंतर माजी सैनिकांसाठीच्या शिक्षण योजनेचा लाभ घेऊन त्यांनी ओहायो राज्यातील अँटिऑक महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे पैशांची निकड भासली की ते सैन्यासाठी नव्या पॅराशूटांची चाचणी घेण्याच्या उड्या मारत. १९४८ मध्ये सहाध्यायी कॅरल क्रेमर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला दोन मुली झाल्या. १९५० मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी सिनसिनाटी येथे नभोवाणी केंद्रात नोकरी केली. दिवसा केंद्राचे ठरावीक लेखन आणि रात्री स्वतःची नाटके, असा त्यांचा क्रम होता. दूरचित्रवाणीकडून साभार परत आलेल्या संहितांची संख्या मोठी होती.

यश आणि जाहिरातदारांशी संघर्ष

त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीवर नाटके बहुधा थेट प्रसारित होत. १२ जानेवारी १९५५ रोजी सादर झालेल्या 'पॅटर्न्स' या नाटकाने सर्लिंग यांचे नाव देशभर पोहोचवले. एका मोठ्या कंपनीत वृद्ध अधिकाऱ्याला पद्धतशीरपणे कसे खच्ची केले जाते, हा त्याचा विषय होता. प्रेक्षकांच्या मागणीमुळे महिनाभरात त्याच नाटकाचा पुन्हा थेट प्रयोग करण्यात आला. अशी मागणी तेव्हा अगदीच विरळा होती. पाठोपाठ १९५६ मध्ये उतरणीला लागलेल्या मुष्टियोद्ध्यावरील 'रेक्विएम फॉर अ हेवीवेट' आले. या दोन्ही नाटकांना एमी पुरस्कार मिळाले.

या यशाला दुसरी बाजू होती. कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या कंपन्यांचा संहितेतील प्रत्येक शब्दावर अधिकार चाले. १९५९ मध्ये नाझी अत्याचारांच्या खटल्यावरील एका नाटकातून, ते सर्लिंग यांचे नव्हते, विषारी वायूचे उल्लेखच गाळण्यात आले, कारण प्रायोजक गॅस उद्योगाची संघटना होती. सर्लिंग यांना बसलेला धक्का याहून मोठा होता. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि सर्व गोऱ्या ज्यूरींनी दोघा गोऱ्या आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेने व्यथित होऊन सर्लिंग यांनी 'नून ऑन डूम्सडे' लिहिले. त्यात मृत व्यक्ती त्यांनी आधीच बदललेली होती, तरीही टिल प्रकरणाशी असलेले साम्य वृत्तपत्रांत येताच वर्णभेदवादी संघटनांच्या पत्रांचा पाऊस पडला. प्रायोजक पोलाद कंपनीने कथा दक्षिणेतून उचलून थेट ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये नेली. दक्षिणेची आठवण होईल म्हणून एका शीतपेयाच्या बाटल्यासुद्धा दृश्यातून हटवण्यात आल्या. दोन वर्षांनी त्यांनी हाच विषय 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट'मध्ये पुन्हा हाताळला. त्या वेळी कथेला एकोणिसाव्या शतकात ढकलावे लागले आणि बळी मेक्सिकन दाखवावा लागला.

अमेरिकन सिनेटवरील 'द अरीना' या नाटकात तर सिनेटरांच्या तोंडी एकही चालू प्रश्न येऊ दिला गेला नाही. हेच नाटक शंभर वर्षे पुढच्या काळात नेऊन सिनेटर म्हणून यंत्रमानव उभे केले असते तर अधिक काही सांगता आले असते, असे सर्लिंग यांनी नंतर लिहिले. पुढच्या मालिकेचे बीज या कडवट निरीक्षणात आहे.

द ट्वायलाइट झोन

नोव्हेंबर १९५८ मध्ये त्यांचे 'द टाइम एलिमेंट' हे काळप्रवासावरील नाटक प्रसारित झाले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवसात जाऊन पोहोचलेला नायक लोकांना सावध करू पाहतो, पण कोणी त्याचे ऐकत नाही. नाटकाला उत्तम प्रतिसाद मिळाला आणि सीबीएस वाहिनीने मालिकेला संमती दिली. 'ट्वायलाइट' म्हणजे ना दिवस ना रात्र अशी कातरवेळ. हे नाव आपणच घडवले असे सर्लिंग यांना वाटत होते. वैमानिकांच्या बोलीत ते आधीपासून रूढ असल्याचे त्यांना नंतर समजले.

पहिला भाग २ ऑक्टोबर १९५९ रोजी दाखवला गेला. त्याच्या थोडे आधी पत्रकार माइक वॉलेस यांनी घेतलेल्या मुलाखतीत, आता वादग्रस्त विषयांना हात घालणार नाही, असे सर्लिंग यांनी सांगून टाकले होते. गंभीर लेखनाला त्यांनी रामराम ठोकला, असा अनेकांचा ग्रह झाला. तो खोटा ठरायला फार दिवस लागले नाहीत. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' (१९६०) या भागात एका गल्लीतील दिवे जातात, परग्रहवासी माणसांच्या वेषात आल्याची वावडी उठते, आणि कालपर्यंत एकमेकांकडे ऊठबस असलेले शेजारी संशयाने पेटून उठतात. परग्रहवासी खरोखरच आलेले असतात. पण दिव्यांशी खेळण्यापलीकडे त्यांना काही करावेच लागत नाही. कम्युनिस्टांच्या शोधाने पछाडलेल्या अमेरिकेला ही कथा कोणाची, हे सांगावे लागले नाही. पुढे ही संहिता अमेरिकन शाळांच्या पाठ्यपुस्तकांत आली. 'आय ऑफ द बिहोल्डर'मध्ये एकसारखेपणाची सक्ती करणारी राजवट आहे, तर 'डेथ्स-हेड रीव्हिजिटेड'मध्ये दाखाऊच्या छळछावणीत परतलेला नाझी अधिकारी.

'वॉकिंग डिस्टन्स' (१९५९) हा भाग मात्र राजकीय नाही. कामाने थकलेला एक जाहिरात अधिकारी आपल्या गावी पायी जातो आणि थेट आपल्या बालपणात पोहोचतो. तिथे उद्यान आहे, लाकडी घोड्यांचे चक्र आहे आणि हयात असलेले वडील आहेत. ते त्याला ओळखतात आणि प्रेमाने, पण निश्चयाने, परत पाठवतात. सर्लिंग यांच्या सर्व लेखनात हा भाग सर्वांत हळुवार आहे. वडिलांच्या अंत्यसंस्काराला न पोहोचलेल्या मुलाने तो लिहिला आहे, हे ध्यानात घेतले की त्याचा अर्थ अधिक गडद होतो.

प्रारंभी सर्लिंग यांचा केवळ आवाज ऐकू येई. दुसऱ्या वर्षापासून ते स्वतः पडद्यावर येऊ लागले. गडद सूट, हातात सिगारेट आणि मोजकी वाक्ये ही त्यांची ओळख झाली. मराठी वाचकाला ही योजना अनोळखी वाटू नये. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या 'सीतास्वयंवर'पासून सूत्रधार आपल्या रंगभूमीवर कथेचे बोट धरून उभा आहे. सर्लिंग यांचा सूत्रधार पात्रांच्या अगदी शेजारी उभा राहतो, पण पात्रांना तो दिसत नाही.

रिचर्ड मॅथिसन आणि चार्ल्स बोमाँट हे मालिकेचे अन्य प्रमुख लेखक होते. सगळे भाग सारख्या तोलाचे नाहीत. काहींत उपदेशाचा सूर चढतो, आणि चौथ्या वर्षी भागाची लांबी अर्ध्या तासावरून एका तासावर नेल्याने कथा रेंगाळू लागल्या. मालिकेला सलग तीन वर्षे ह्युगो पुरस्कार मिळाला. सर्लिंग यांच्या नावावर लेखनाचे एकूण सहा एमी पुरस्कार आहेत. जून १९६४ मध्ये मालिका थांबली.

उत्तरायुष्य

मालिका संपल्यानंतर सर्लिंग यांनी तिच्यातील आपला वाटा सीबीएसला विकला. पुनःप्रसारणातून पुढे अमाप उत्पन्न झाले. त्याचा लाभ त्यांना मिळाला नाही. 'सेव्हन डेज इन मे' (१९६४) आणि मायकेल विल्सन यांच्यासह लिहिलेला 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटकथा. 'नाइट गॅलरी' (१९७० ते १९७३) या मालिकेचे ते निवेदक होते, पण निर्मितीची सूत्रे त्यांच्या हाती नव्हती आणि ही गोष्ट त्यांना सलत राहिली. जाहिरातदारांशी झगडलेला हा लेखक या काळात स्वतः अनेक जाहिरातींत दिसू लागला. १९६७ पासून त्यांनी इथाका महाविद्यालयात अध्यापनही केले.

धूम्रपान आणि अखंड श्रम यांचा प्रकृतीवर परिणाम झाला होता. जून १९७५ मध्ये रॉचेस्टर येथे हृदयशस्त्रक्रिया सुरू असताना त्यांना झटका आला आणि दोन दिवसांनी, वयाच्या ५०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रभाव

मालिकेवर १९८३ मध्ये चित्रपट निघाला. १९८५, २००२ आणि २०१९ मध्ये तिची नवी रूपे आली. मूळ कृष्णधवल भागांची लोकप्रियता त्यांपैकी कोणालाही गाठता आली नाही. भारतात दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, म्हणजे 'द ट्वायलाइट झोन'च्या अवघे सतरा दिवस आधी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि सातारा-सांगलीकडच्या घराघरांत संच यायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली. त्यामुळे सर्लिंग यांचे नाव मराठी प्रेक्षकाला उशिरा कळले. स्वतंत्र कथांच्या गूढमालिकेचा प्रकार मराठीत रुजला तो रत्नाकर मतकरी यांच्या कथांवरील 'गहिरे पाणी'सारख्या मालिकांमुळे.