जुगाराला आजार म्हणणारा जुगारी वैद्य

हातात आलेले पत्ते किती चांगले, हे नशिबावर न सोडता मोजून ठरवता येते, असा विचार सुरुवातीला ज्यांनी लिहून ठेवला त्यांत इटलीतील वैद्य जिरोलामो कार्दानो अग्रभागी होता.

त्याचा जन्म १५०१ मध्ये पाव्हिया येथे झाला. आई-वडिलांचे लग्न झालेले नसल्याने वैद्यकाची पदवी असूनही मिलानच्या वैद्यमंडळाने त्याला १५३९ पर्यंत प्रवेश दिला नाही. उत्पन्न तुटपुंजे, त्यात जुगाराचा नाद. बायकोचे दागिनेही गहाण पडले. पुढे मात्र त्याची कीर्ती युरोपभर पसरली. १५५२ मध्ये स्कॉटलंडच्या आर्चबिशपचा दमा त्याने आटोक्यात आणला. त्या उपचारात पिसांचे अंथरूण बदलणे हाही एक भाग होता.

जुगारावरच्या पुस्तकात त्याने साधा नियम मांडला: एकूण शक्यता मोजा, त्यांतल्या आपल्या फायद्याच्या किती ते पाहा आणि त्या प्रमाणातच पैज लावा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी बेरीज दहा होण्याच्या तीनच. चार पत्त्यांच्या प्रिमेरो या खेळाचाही त्याने असाच विचार केला.

आजच्या टेक्सास होल्डेम पोकरमध्ये सुरुवातीला दोन पत्ते मिळतात. ५२ पत्त्यांतून अशा १,३२६ जोड्या होतात. दोन एक्के त्यांतल्या फक्त सहांत, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. सारख्या किमतीचे कोणतेही दोन पत्ते सरासरी १७ डावांत एकदा येतात. म्हणून जाणकार खेळाडू बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडतो. शिवाय दोन एक्के म्हणजे हमखास विजय नव्हे. समोर एकच खेळाडू कोणतेही पत्ते घेऊन शेवटपर्यंत खेळला, तरी शंभरांत साधारण पंधरा वेळा एक्केवाला हरतो.

हे गणित उमगलेला कार्दानो स्वतः मात्र थांबू शकला नाही. सुमारे २५ वर्षे आपण फासे खेळत होतो, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली. जुगाराचा विचार वैद्याने असाध्य रोगांसारखा करावा, असे त्याचे मत होते. तो १५७६ मध्ये रोममध्ये वारला. पुस्तक छापले गेले १६६३ मध्ये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात आज जुगाराच्या व्यसनाची विकार म्हणून नोंद आहे. मोबाइलवर पत्ते खेळणाऱ्या घरच्या माणसाला हरण्याचा हिशेब समजावूनही तो थांबत नसेल, तर त्याला आणखी गणित शिकवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.