गार पावसातले बेचाळीस किलोमीटर : बेळगावचे फडेप्पा चौगुले

मॅरेथॉन म्हटलं की आता आपल्याला जानेवारीतली मुंबई आठवते, नाहीतर डिसेंबरातलं पुणं. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून. दोन्ही थंडीतल्या, कारण आपल्याकडच्या उन्हात इतकं अंतर पळणं म्हणजे जिवाशी खेळ. पण या दोन्हींच्या कितीतरी आधी, १९२० साली, बेळगावचा एक माणूस युरोपच्या गार पावसात पूर्ण ऑलिम्पिक मॅरेथॉन पळून आला. नाव फडेप्पा दारेप्पा चौगुले. बेळगावात हे नाव आजही निघतं. आपल्या मराठवाड्यात मात्र दहा जणांना विचारलं तर नऊ जण मान हलवतील.

गोष्ट सुरू होते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून. १९०६ मध्ये ही संस्था निघाली. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. १९१९ च्या तिथल्या क्रीडा स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीला जे आले, त्यांतले बरेच जण शेतकरी होते. पायात काही नाही, रस्ता खडबडीत, तालीम म्हणावी तर रोजची मेहनत. टाटांनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि ते चकित झाले. युरोपातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या वेळांपासून ही माणसं फार लांब नव्हती. मग त्यांना वाटलं, हे लोक ऑलिम्पिकला का जाऊ नयेत? मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत त्यांनी खटपट केली, वरून परवानगी आली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी हिंदुस्थानचा संघ ठरला. खर्चातला मोठा वाटा टाटांनी स्वतःच्या खिशातून दिला.

त्याआधी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड पळाले होते आणि त्यांच्या नावावर दोन रौप्यपदकं आहेत. पण ते एकटे गेले होते. संघ म्हणून गेलेली ही पहिलीच तुकडी. त्यात बंगालचे पुर्मा बॅनर्जी होते, कुस्तीला नवले आणि कोल्हापूरकडचे रणधीर शिंदे होते (शिंदे चौथे आले, कांस्यपदक थोडक्यात हुकलं), आणि लांब पल्ल्याला कैकाडी, सदाशिव दातार आणि आपले फडेप्पा चौगुले. नावं वाचली तरी कळतं, अर्ध्याहून जास्त संघ आपल्या मुलखातला होता.

बोटीचा कितीतरी दिवसांचा प्रवास, परकं अन्न, परकी हवा. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. युद्धात बेल्जियमने जे सोसलं त्याचा मान म्हणून अँटवर्पला यजमानपद दिलं होतं. ऑलिम्पिकचा पाच वर्तुळांचा झेंडा पहिल्यांदा फडकला तो इथेच, खेळाडूंची शपथही इथूनच सुरू झाली.

मॅरेथॉन होती २२ ऑगस्टला, दुपारी चारनंतर. महिना ऑगस्टचा, पण हवा आपल्या हिशेबाने कडक हिवाळ्याची. ढगाळ, गार, वर पाऊस. अंतरही नेहमीचं नव्हतं. आज मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. अँटवर्पची होती ४२ किलोमीटर ७५० मीटरची, आजवरच्या ऑलिम्पिकमधली सगळ्यात लांब.

थंडीत पळण्याची गंमत अशी आहे की ती मित्रही असते आणि दुश्मनही. अंग तापतं, ते गार हवा शोषून घेते, घाम कमी जातो, हृदयावर ताण कमी येतो. म्हणून थंडीत वेळा चांगल्या लागतात. पण पाऊस आला की हिशेब बदलतो. भिजलेला सदरा अंगाला चिकटतो, वारा लागला की अंगातली ऊब झपाट्याने जाते. जोरात पळताय तोवर शरीर स्वतःला गरम ठेवतं. शेवटच्या दहा-बारा किलोमीटरला पाय मंदावले की थंडी आत शिरते, मांड्या आणि पोटऱ्या आखडतात. सडपातळ माणसाला तर आणखी लवकर. शर्यत सुटते ती बहुतेक इथेच.

त्या दिवशी ४८ जण निघाले आणि ३५ जण पोहोचले. आपले दातार पूर्ण करू शकले नाहीत. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत जिंकले. एस्टोनियाचे लॉसमान त्यांच्या मागे फक्त तेरा सेकंदांनी. तिसरे आलेले इटलीचे आर्री यांनी तर रेषा ओलांडल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्या म्हणे, बेचाळीस किलोमीटर पळून! आणि एकोणिसावे आले फडेप्पा चौगुले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

एकोणिसावा म्हटलं की आपण पान उलटतो. जरा गणित करून बघा. ही वेळ म्हणजे दर किलोमीटरला चार मिनिटं. आमच्या तीर्थपुरीत पहाटे धुक्यात, कानाला मफलर बांधून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यावर दिसतात. त्यांची परीक्षा १६०० मीटरची. चौगुलेंच्या वेगाने ते अंतर ६ मिनिटं २४ सेकंदांत होतं. भरतीची पोरं याहून जोरात पळतात, खरं आहे. पण तेच अंतर त्याच वेगाने, न थांबता, जवळजवळ सत्तावीस वेळा पळायचं, आणि तेही पावसात भिजत. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मुलं गप्प होतात.

मला वाटतं, बेळगावच्या हवेचाही यात हात असावा. ऑगस्टमधलं बेळगाव म्हणजे झिमझिम, चिखल आणि गारवा. जालन्याच्या कोरड्या रानातून गेलेल्या माणसाला अँटवर्पचा पाऊस जितका परका वाटला असता, तितका तो चौगुलेंना वाटला नसेल.

त्यांच्या संघाचा झेंडा मात्र ब्रिटिश राजवटीचा होता. गुलाम मुलखातल्या धावपटूंचं नशीब तेव्हा सगळीकडे असंच होतं. आठ वर्षांनी अॅमस्टरडॅमला मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं ते अल्जीरियाच्या बुघेरा अल-वाफी यांनी, पण पदक जमा झालं फ्रान्सच्या नावावर. पुढे पैसे घेऊन पळाले म्हणून त्यांच्यावर बंदी आली. हलाखीत दिवस काढले. १९५९ मध्ये पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसमध्ये गोळीबारात ते गेले. त्यानंतर तीन वर्षांनी अल्जीरिया आझाद झाला.

चौगुलेंच्या वाट्याला आलं ते विस्मरण, आणि त्याचं एक कारण साधं आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये दिल्लीचे सुरतसिंग माथुर यांनी मॅरेथॉन पूर्ण केली, ५२ वे आले, वेळ २ तास ५८ मिनिटं. स्वतंत्र भारताकडून ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले, आणि तो मान त्यांचाच. पण लिहिता-बोलताना त्यातला 'स्वतंत्र' हा शब्द गळतो, आणि सरळ 'पहिले भारतीय' असं होऊन बसतं. एका शब्दाने बत्तीस वर्षं पुसली जातात. माथुर ज्या वेळेत पळाले, त्याहून चौगुले सात मिनिटं आधी पोहोचले होते, आणि अर्धा किलोमीटर जास्त पळून. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ही चूक दिसली तर घरातल्या मुलांना पेन्सिलने तो शब्द लिहायला सांगा.

अँटवर्पहून आल्यावर टाटा थांबले नाहीत. १९२४ च्या पॅरिससाठी पुन्हा संघ गेला, मॅरेथॉनला महादेव सिंग उतरले आणि २९ वे आले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, टाटाच तिचे पहिले अध्यक्ष. पुढे कितीतरी चांगले धावपटू आले आणि गेले. १९७६ मध्ये माँट्रियलला बिहारचे शिवनाथ सिंग अकरावे आले. तोवर छप्पन्न वर्षं ऑलिम्पिक मॅरेथॉनमधला भारताचा सगळ्यात वरचा क्रमांक होता एकोणिसावा, बेळगावच्या चौगुलेंचा.