चिमूर पेटलं आणि इंग्रजांनी खंजिरीवाल्या महाराजांना आत टाकलं

पश्चिम आफ्रिकेतला जेंबे आता आपल्याकडच्या कॉलेजच्या बँडमध्येही दिसतो. खोडातून कोरलेला, बकऱ्याचं कातडं ताणलेला हा ढोल. माली, गिनीकडे तो वाजला की गाव गोळा होतं. आपल्या घुग्घुस-चंद्रपूर पट्ट्यात गाव गोळा करायचं हेच काम वीतभर खंजिरीने केलं. आणि ती गावोगावी नेली तुकडोजी महाराजांनी.

३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. पोराचं मन शाळेत कमी, भजनात जास्त. वरखेडचे आडकोजी महाराज गुरू, तुकड्या हे नाव त्यांचंच. पुढे चिमूर भागातल्या गोंदोडा आणि रामदिघीच्या जंगलात साधना झाली.

आता खंजिरीच का? लाकडी कडं, एका बाजूला कातडं, कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. थाप आणि झणकार सोबतच निघतात. पेटी उचलायला माणूस लागतो, तबल्याला साथीदार लागतो. खंजिरीवाला मात्र एकटाच उभा राहून गातो आणि ठेकाही धरतो. ना वीज, ना मंडप. पायी फिरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं वाद्य सापडणं कठीण.

१९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. भजनात देवासोबत व्यसन, अस्पृश्यता, गावाची सफाई आणि स्वातंत्र्यही येऊ लागलं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण गेला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकारी मारले. लोकांना चेतवणारी भजनं कुणाची, हे सरकारला ठाऊक होतंच. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरमध्ये सुटले.

नंतर राजेंद्र प्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. ‘ग्रामगीता’ आली. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही ते खंजिरी घेऊनच गेले. ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांचं निधन झालं.

विदर्भात आजही खंजिरी भजन स्पर्धा भरतात, महिलांची मंडळंही हिरिरीने उतरतात. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. मग पाळी येण्याआधी खंजिरी विस्तवावर धरून तापवायची, बोटाने टिचकी मारून बघायची आणि आवाज चढला की उभं राहायचं.